गव्हातली चिल, चांदवेल आणि ज्वारीतला टारफुला: रुंद पानाचं तण मरत का नाही?

डिसेंबर लागला की आपल्याकडे रावेर-चोपड्यापासून शिरपूर-शहाद्यापर्यंत कोणत्याही कृषी सेवा केंद्रावर उभं राहा, एक वाक्य हमखास कानावर येतं, "भाऊ, गव्हात भलतंच गवत माजलंय, एखादं जालीम औषध द्या." कोणतं गवत, किती पानांवर आहे, गहू किती दिवसांचा आहे, शेजारच्या वावरात काय उभं आहे, यातलं काहीच बोलणं होत नाही. पुडी घेतली, अंदाजाने पंपात टाकली, फवारून मोकळे. आणि मग आठ दिवसांनी "औषध डुप्लिकेट निघालं". डुप्लिकेट माल बाजारात असतो हे खरं, पण मला वाटतं दहातल्या आठ वेळा औषध बरोबरच असतं, वेळ गेलेली असते किंवा तण ओळखलेलं नसतं. म्हणून हा विषय जरा मुळातून बघू.

आधी हे लक्षात घ्या की गहू, ज्वारी, बाजरी, मका ही सगळी पिकं स्वतःच गवत कुळातली आहेत. त्यामुळे गव्हात गवतवर्गीय तण मारणं अवघड असतं कारण दोघं एकाच कुळातले, पण चिल, माठ, चांदवेल, गाजरगवत, घोळ, दुधी, पिवळा धोतरा ही रुंद पानाची मंडळी वेगळ्या कुळातली, उगवताना दोन दलांची, त्यांना वेगळं गाठणं त्या मानाने सोपं आहे. गव्हाचं पान उभं आणि अरुंद, फवारा बराचसा खाली घसरतो, आणि वाढीचा कोंब खाली जमिनीलगत पानांच्या आवरणात लपलेला असतो. चिलचं पान आडवं, पसरट, आणि शेंडा उघडा. पण खरा फरक आतला आहे. 2,4-डी हे औषध झाडाच्या स्वतःच्या वाढीच्या संप्रेरकाची नक्कल करतं, रुंद पानाच्या झाडाला वाटतं वाढ, वाढ, वाढ, मग खोड पिळवटतं, पानं आत वळतात, अन्नपाण्याच्या नळ्या दाबल्या जातात आणि झाड मरतं. गहू मात्र हेच औषध आतल्या आत मोडून निरुपयोगी करतो. हे औषध 1940 च्या दशकातलं आहे, इतकं जुनं, आणि अजून टिकून आहे ते याच फरकामुळे.

पण गव्हाची ही ताकद सगळ्या वयात सारखी नसते आणि इथेच आपल्याकडे सगळ्यात जास्त नुकसान होतं. गहू लहान असताना, म्हणजे मुकुटमुळं फुटून फुटवे नीट यायच्या आधी 2,4-डी मारलं तर ओंबी वाकडीतिकडी निघते, आणि कांडी धरल्यावर किंवा पोटरीत मारलं तर दाणे भरत नाहीत, ओंबी पोकळ. मधली खिडकी साधारण पेरणीनंतर 30 ते 35 दिवसांची. आता कोणी म्हणेल आमचा गहू 32 दिवसांचा झाला म्हणजे झालं, पण डिसेंबर मध्यावर पेरलेला उशिराचा गहू आणि नोव्हेंबर मध्यात पेरलेला गहू 32 दिवसांना सारखे नसतात, धुळ्या-साक्रीकडे थंडीची लाट आली की वाढ थांबल्यासारखीच होते. म्हणून कॅलेंडर बघा पण त्याच्यासोबत वावरात उतरून दोन-चार झाडं उपटा, फुटवे बघा, खोड बोटाने दाबून कांडी लागली का बघा. पाच मिनिटाचं काम आहे.

डोस सांगतो. 2,4-डी सोडियम सॉल्ट 80 टक्के असेल तर गव्हात एकरी 250 ग्रॅम, अमाइन सॉल्ट 58 टक्के असेल तर साधारण 350 मिली. मेटसल्फ्युरॉन मिथाइल 20 टक्के असेल तर एकरी फक्त 8 ग्रॅम, सोबत चिकटद्रव्य. कारफेन्ट्राझोन 40 टक्के असेल तर एकरी 20 ग्रॅम. डब्यावर, पुडीवर जे छापलंय तेच अंतिम धरा, कारण कंपनीनुसार टक्केवारी वेगळी असते. ही तिन्ही औषधं तीन वेगळ्या पद्धतीने मारतात आणि हे समजलं नाही की माणूस घाबरून दुसऱ्यांदा फवारतो. कारफेन्ट्राझोन पान जाळतं, दोन-तीन दिवसात तण करपलेलं दिसतं, गव्हावर पण थोडे ठिपके पडतात ते नवीन पानात निघून जातात, पण ते मुळापर्यंत जात नाही. मेटसल्फ्युरॉनचं उलट. ते झाडाला लागणारी तीन अमिनो आम्लं तयार करणारं यंत्रच बंद करतं, तण त्या दिवसापासून वाढायचं थांबतं, पण हिरवं दिसत राहतं, पिवळं पडायला आणि मरायला दोन-तीन आठवडे लागतात, थंडीत त्याहून जास्त. पाचव्या दिवशी वावर हिरवं दिसलं म्हणून "रिझल्ट नाही" म्हणत परत डोस मारणारे बरेच असतात, त्यात गव्हालाच फटका बसतो. धीर धरा, तणाच्या शेंड्याकडे बघा, नवीन पान फुटायचं थांबलं असेल तर औषधाचं काम चालू आहे.

आता तणाचं बघू, कारण "रुंद पान" म्हटलं की सगळी एका माळेत येतात आणि ती तशी नाहीत.

चिल, काही गावात चंदनबटवा म्हणतात, कोवळी असताना भाजी होते. हिचं पान हातात घेऊन उलटं करा, खालून पांढरी पिठासारखी भुकटी दिसेल, शेंड्यावर तर वरूनही असते. नुसतं पाणी टाकलं तर अळूच्या पानावरून ओघळावं तसं थेंब गोळा होऊन खाली पडतो. म्हणून चिकटद्रव्य न टाकता मारलेलं औषध चिलवर अर्धंच लागतं, हे दुकानदार सांगत नाही आणि आपणही पंचवीस-तीस रुपये वाचवतो. दुसरं, चिल दोन ते चार पानांवर असताना पटकन मरते, वीतभर झाली की खोड निबर होतं आणि मग शेंडा वाकडा होऊन बाजूने फुटते. एका मोठ्या झाडाला हजारोंनी बी, काळ्या मातीत खाली गेलेलं बी कित्येक वर्षं जिवंत राहतं, म्हणजे यंदा चार झाडं बियांवर सोडली तर पुढे अनेक हंगाम निंदणीच्या मजुरीत फेडावं लागतं.

चांदवेल मात्र वेगळ्याच स्वभावाची. हरणखुरी पण म्हणतात हिला. पान बाणासारखं, फूल पांढरं-गुलाबी छोटं भोंग्याचं, गव्हाला विळखा घालून वर चढते आणि कापणीला हार्वेस्टर असो की विळा, सगळं एकत्र आडवं होतं. हिचं खरं शरीर वर नाहीच, खाली आहे. मुळं काही मीटर खोल जातात, आणि मुळाचा बोटभर तुकडा राहिला तरी त्यातून नवीन वेल. म्हणून हाताने ओढली की वरची तुटते आणि खालून दोन फुटतात. रोटाव्हेटरने तर आपणच तिची लागवड करतो, एका कोपऱ्यातली चांदवेल तुकडे होऊन सगळ्या वावरात पसरते. जिथं चांदवेलीचे पट्टे आहेत तिथे रोटाव्हेटर घालू नका, घातलाच तर तो पट्टा शेवटी घ्या आणि दाते साफ करून मगच दुसऱ्या वावरात न्या.

गव्हात 30-35 दिवसांना मारलेलं 2,4-डी चांदवेलीची वरची वेल वाळवतं, गहू निघेपर्यंत दाबून ठेवतं, पण मूळ मरत नाही, हे आधीच मान्य करून चाला. मूळ मारायचं असेल तर औषध मुळाकडे उतरलं पाहिजे, आणि झाड अन्न खाली कधी पाठवतं तर कळ्या-फुलांवर असताना. आपल्याकडे ही वेळ गहू निघाल्यावर येते. मार्च अखेर गव्हाच्या धसकटात सगळं पिवळं आणि मध्ये चांदवेल हिरवीगार फुलावर, कारण तिला खालची ओल मिळते. त्यावेळी, पानं ताजी असताना सकाळी 2,4-डी फवारा आणि मग दहा-पंधरा दिवस वावराला हात लावू नका, लगेच नांगरलं तर औषध मुळात जायच्या आधीच वेल तुटते. एप्रिल मध्यानंतर पारा 42-43 च्या वर गेला, पानं मलूल झाली की मारून उपयोग नाही, सुकत चाललेलं झाड औषध ओढून घेत नाही. आणि ज्या वावरात मे महिन्यात बागायती कपाशी लावायची आहे तिथे हा उपाय करू नका, कोरड्या मातीत 2,4-डी लवकर मोडत नाही आणि कपाशीला ते अजिबात चालत नाही. खरिपात मका किंवा ज्वारी घेणार असाल तिथेच करा. चांदवेलीला सावली सोसत नाही, त्यामुळे त्या पट्ट्यात खरिपात चाऱ्याची ज्वारी दाट पेरली तर बरीच दबते. दोन-तीन वर्षं सलग हे धरून चाललं तर फरक पडतो, एका फवाऱ्यात चांदवेल संपली असं कोणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका.

केना. दिसायला पान रुंद पण जातीने तो एकदल, म्हणजे गव्हाच्याच बाजूचा, म्हणून 2,4-डी ला अर्धवटच दाद देतो. वर निळं फूल येतं ते दिसतं, पण जमिनीखाली पण फुलं येतात आणि तिथेच बी तयार होतं, हे उपटून बघितल्याशिवाय पटत नाही, मुळाजवळ पांढरट फांद्यांवर बारीक बोंडं लागलेली असतात. निंदून बांधावर टाकला आणि ओल मिळाली तर पेराला परत मुळं फुटतात. रावेर-यावल पट्ट्यात केळी काढून गहू घेतात तिथे हा जास्त, केळीच्या ओलाव्यात-सावलीत तो वर्षभर सुखात असतो. निंदलेला केना वावराबाहेर कडक उन्हात, दगडावर टाकायचा.

गाजरगवत 1955 च्या सुमारास पुण्यात पहिल्यांदा नजरेत आलं आणि आता बांध, चारी, रस्ता कुठेच जागा राहिली नाही. पिकात ते 2,4-डी आणि मेटसल्फ्युरॉनने लहानपणी आटोक्यात येतं, खरं काम बांधावर आहे, फुलायच्या आधी उपटणं. हातमोजे घाला, अंगाला खाज येते, दम्याच्या माणसाने तर लांबच राहावं. पावसाळ्यात त्यावर मेक्सिकन भुंगेरे पानं खाताना दिसले तर त्या पट्ट्यावर काही फवारू नका, त्यांना खाऊ द्या.

आता खान्देशासाठी सगळ्यात महत्त्वाचं, शेजार. 2,4-डी चा इस्टर प्रकार, इथाइल इस्टर 38 टक्के, हा उडणारा आहे. फवारताना वाऱ्याने जातोच, पण फवारून झाल्यावरही उन्हात वाफ होऊन शेजारी जातो. डिसेंबरात आपल्याकडे शेजारी काय असतं बघा: नंदुरबारची मिरची तोडणीवर, शहाद्याची पपई, सगळीकडे हरभरा, कुठे फरदड कपाशी, कुठे टोमॅटो. ही सगळी रुंद पानाची, सगळी 2,4-डी ला नाजूक. कपाशी तर इतकी की पंपात उरलेल्या थेंबाने पण पानं अरुंद होतात, चिरा खोल जातात, शिरा एकमेकींना समांतर दिसायला लागतात, पाती-फुलं गळतात. भाऊबंदकीत कोर्टापर्यंत गेलेली भांडणं यावरून झालेली आहेत. म्हणून माझं स्पष्ट मत, मिरची-पपई-कपाशी-हरभऱ्याच्या शेजारी इस्टर वापरूच नये, सोडियम किंवा अमाइन सॉल्ट घ्या, आणि एकदम चिकटून असेल तर तो पट्टा मजुराकडून निंदून घ्या. फवारायच्या आदल्या दिवशी शेजारच्याला फोन करा, "दादा, उद्या सकाळी गव्हात मारतोय, तुमच्या बाजूचे चार ओळ सोडतो." एवढं बोलून ठेवलं की निम्मी कटकट मिटते. गव्हात मोहरी किंवा हरभऱ्याचे पाट टाकले असतील तर अर्थातच यातलं काहीच चालत नाही.

दुसरी गोष्ट माती. मेटसल्फ्युरॉन आणि त्याच्या कुळातली औषधं मातीत मोडतात ती माती आम्लधर्मी असेल तर पटकन, आणि विम्लधर्मी असेल तर हळू. आपली तापीकाठची, गिरणेकाठची काळी माती विम्लधर्मी, सामू (pH) 8 च्या आसपास किंवा वर. म्हणजे इथे हे औषध जास्त दिवस टिकतं. त्यात उन्हाळ्यात माती कोरडी, मोडायचं काम अजून मंद. म्हणून 8 ग्रॅमच्या जागी "जरा जड हाताने" 12 ग्रॅम मारलं तर गव्हानंतरचं उन्हाळी मूग-तीळ पिवळं पडून बसतं आणि कारण कळत नाही. याच कुळातलं सल्फोसल्फ्युरॉन गव्हात वापरलं असेल तर त्या वावरात पुढे ज्वारी-मका घेणं टाळायचं, ती शिफारसच आहे. पुढचं पीक काय, हे ठरवून मग औषध ठरवा.

अजून एक, गवतवर्गीय आणि रुंद पान दोन्ही असेल तर लोक क्लोडिनाफॉप आणि 2,4-डी एका पंपात टाकतात. नका टाकू, 2,4-डी मुळे क्लोडिनाफॉपची गवतावरची ताकद कमी होते. क्लोडिनाफॉप आणि मेटसल्फ्युरॉनचं तयार मिश्रण मिळतं ते घ्या किंवा दोन फवारण्यांत आठवड्याचं अंतर ठेवा. आणि दरवर्षी तेच औषध नको. हरियाणात गव्हातला जंगली पालक मेटसल्फ्युरॉनला दाद देईनासा झाला आहे, वर्षानुवर्षं एकच औषध मारल्याने.

मक्याचं थोडक्यात. ॲट्राझीन 50 टक्के, भारी जमिनीत एकरी 800 ग्रॅम, हलक्या जमिनीत 500 ग्रॅम, पेरणीनंतर 48 तासात, ओलीवर. आंतरपीक उडीद-मूग असेल तर नाही. नंतर उगवलेल्या तणाला टेम्बोट्रायोन किंवा टोप्रामेझोन, तण पांढरं पडून मरतं, पण ही मक्याचीच औषधं, ज्वारीत मारायची नाहीत. दोन्ही पिकं लहानपणी सारखी दिसतात म्हणून नियम सारखे नसतात.

दादरचा, म्हणजे रब्बी ज्वारीचा, हिशोब वेगळा आहे. अमळनेर-चोपड्याकडची दादर पावसाच्या मुरलेल्या ओलीवर येते, वरचा थर कोरडा असतो, ॲट्राझीनला लागणारी ओल वर नसतेच, मग ते मातीवर पडून राहतं. तिथे कोळपणीच खरी. दोन-तीन कोळपण्यांनी तण तर जातंच, भेगा बुजून खालची ओल पण टिकते.

आणि टारफुला. हलक्या, माळाच्या, कोरडवाहू जमिनीत खरीप ज्वारी-बाजरीत हा येतो आणि याच्याबद्दल सगळ्यात जास्त गैरसमज आहेत. ज्वारी पिवळी पडते, जमिनीत ओल असून दुपारी माना टाकते, आपण युरिया देतो, पाणी देतो, आणि मग महिना-दीड महिन्याने ज्वारीच्या बुडाशी वीतभर उंच, पांढऱ्या बारीक फुलांचं झाड दिसतं. तेव्हा समजतं, पण तोपर्यंत त्याचं काम झालेलं असतं. हा जमिनीखाली ज्वारीच्या मुळाला चिकटून तिचंच अन्नपाणी ओढतो. बी धुळीसारखं बारीक, एका झाडाला हजारोंनी, आणि ते वर्षानुवर्षं मातीत झोपून राहतं, कशाची वाट बघतं तर मुळातून पाझरणाऱ्या एका रसायनाची. ते रसायन जवळ आलं तरच बी रुजतं. आता गंमत बघा, हे रसायन शास्त्रज्ञांनी 1966 मध्ये पहिल्यांदा वेगळं काढलं ते ज्वारीतून नाही, कपाशीच्या मुळांतून! म्हणजे कपाशी लावली की टारफुल्याचं बी फसून रुजतं, पण कपाशीवर त्याला जगता येत नाही, तो उपाशी मरतो. भुईमुगातही असंच होतं. ज्या वावरात टारफुला आहे तिथे लागोपाठ ज्वारी-बाजरी न घेता दोन-तीन वर्षं कपाशी किंवा भुईमूग घेतला तर मातीतलं बी कमी होत जातं. शेणखत आणि नत्राची कमतरता भरून काढली तरी जोर कमी होतो, भुकेल्या जमिनीत पिकाची मुळं ते रसायन जास्त सोडतात. दिसलेली झाडं फुलायच्या आधी उपटून जाळायची, बांधावर टाकायची नाहीत. 2,4-डी ने वरचा टारफुला मरतो खरा, पण खरिपात शेजारी कपाशी असतेच, म्हणून मी हाताने उपटण्याच्याच बाजूने आहे.

पंपाचं शेवटी सांगतो कारण सगळं गणित तिथे चुकतं. एक गुंठा म्हणजे 33 बाय 33 फूट आखून घ्या. पंपात मोजून साधं पाणी भरा, नेहमीच्या चालीने तेवढं फवारा, किती लिटर गेलं बघा. समजा 4 लिटर गेलं, तर एकराला 40 पट म्हणजे 160 लिटर, 15 लिटरच्या पंपाने जवळपास 11 पंप. मग 8 ग्रॅमची पुडी एका बादलीत 11 ग्लास पाण्यात विरघळवा आणि दर पंपाला ढवळून एक ग्लास टाका. चिमटीने पुडी वाटू नका, पहिल्या पंपात जास्त आणि शेवटच्यात रिकामं असं होतं. नोझल फ्लॅट फॅन किंवा कट नोझल लावा, कीटकनाशकाचं गोल फवाऱ्याचं नको, आणि हात डावीकडे-उजवीकडे झुलवत चालू नका, सरळ पट्टा धरा. जमिनीत वापसा हवा, धुकं-दव उतरल्यावर, वारा नसताना, आणि फवारल्यावर लगेच पाणी सोडू नका. पाणी बोरचं क्षाराचं असेल तर 2,4-डी अमाइन त्यात फाटल्यासारखं होतं, विहिरीचं किंवा पाटाचं स्वच्छ पाणी मिळालं तर ते घ्या.

तणनाशकाचा पंप कायम वेगळा ठेवा, त्यावर लाल रंगाने मोठं लिहून ठेवा. सालदार नवीन आला, घाईत तोच पंप उचलून कपाशीत कीटकनाशक मारलं, तर आठवड्याने पानं सांगतात काय झालं ते. वेगळा पंप जमतच नसेल तर तीनदा साध्या पाण्याने, मग धुण्याच्या सोड्याच्या पाण्याने भरून रात्रभर ठेवून, नळी-नोझलसकट परत धुवायचा, आणि ते पाणी चारीत किंवा विहिरीजवळ न ओतता पडीक जागेत ओतायचं. तण ओळखू येत नसेल तर मुळासकट, फुलासकट उपटून प्लास्टिकच्या पिशवीत घालून ममुराबाद किंवा पालच्या कृषी विज्ञान केंद्रात नाहीतर धुळ्याच्या कृषी महाविद्यालयात दाखवा, नुसता पानाचा फोटो पाठवला तर सांगणाऱ्यालाही अंदाजच करावा लागतो.